हलक्या फिरतीसाठी क्रूझर निवडताना: रस्ता, कंबर आणि ३५० सीसीची रेघ

क्रूझर बहुतेक जण डोळ्यांनीच पसंत करतात. लांबलचक बांधा, जवळ ओढलेलं हँडल, पाय पुढे सोडून ऐटीत बसणं. शोरूममध्ये निम्मा निर्णय तिथेच झालेला असतो. फिरतीचं गणित वेगळं असतं. शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचं, कुंभार्ली घाट उतरून दुपारपर्यंत गुहागर गाठायचं आणि रविवारी परत यायचं. किंवा कल्याणहून कसारा घाट चढून भंडारदरा. वर्षातून एखादेवेळी चार दिवस गोवा. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर, एक-दोन मुक्काम, दोघांचे कपडे. या लेखात हलकी फिरती म्हणजे एवढीच. लडाख-स्पितीचा विषय इथे नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा फिरतीसाठी आपल्याकडे बरेच जण गरजेपेक्षा मोठी क्रूझर घेतात. ती महामार्गावर त्रास देत नाही. त्रास देते ती थांबताना, वळवताना, उतारावर मागे घेताना. म्हणून निवड इंजिनापासून सुरू करू नका.

आधी रस्ता लिहून काढा

पुढच्या वर्षभरात कुठे कुठे जायचंय ती ठिकाणं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे रस्ता कसा आहे ते लिहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. अटल सेतूवर नाही, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही नाही. म्हणजे ‘मोकळ्या रस्त्यावर सुसाट’ हे चित्र मनात धरून गाडी घेणार असाल, तर त्यातले बरेचसे रस्ते आपल्या वाट्याला येतच नाहीत. उरतो तो जुना मुंबई-पुणे रस्ता, सातारा-कोल्हापूरचा हायवे, ताम्हिणी, आंबा, आंबोलीसारखे घाट आणि घाट उतरल्यावर कोकणातले अरुंद, वळणावळणाचे रस्ते. चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० आहे, २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून.

तर आपल्याला गाडी हवी ती ७५ ते ८५ च्या वेगात तासन्‌तास न कुरकुरता चालणारी आणि घाटातल्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये धक्के न देता चढणारी. ताशी १४० ला ती कशी चालते, हा प्रश्न यादीतून काढून टाका. यादी निम्मी होते.

एकटे जाणार की डबलसीट, हेही त्याच कागदावर लिहा. ‘कधी कधी डबलसीट’ असं उत्तर असेल तर ते डबलसीटच समजा.

शरीराचं माप

सीटची उंची हा क्रूझरचा मोठा गुण. कावासाकी एलिमिनेटरची सीट ७३५ मिलिमीटरवर, बजाज ॲव्हेंजर २२० क्रूझची ७३७, रॉयल एन्फिल्ड सुपर मिटिऑर ६५० ची ७४०, मिटिऑर ३५० ची ७६५. होंडाची हायनेस सीबी३५० याच गटात चर्चेला येते, पण तिची सीट ८०० आहे आणि बसणं क्रूझरसारखं नाही. पाच फूट दोन इंचांच्या माणसालाही वरच्या चारही गाड्यांवर पाय टेकतात. उंचीमुळे बाईक नको म्हणणाऱ्या कितीतरी जणींनी आधी क्रूझरवर बसून पाहायला हवं.

पण पाय टेकणं आणि गाडी पेलणं या दोन गोष्टी आहेत. वजनं बघा: ॲव्हेंजर १६३ किलो, एलिमिनेटर १७६, मिटिऑर १९१, सुपर मिटिऑर २४१. आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचा परवाना एकदा मिळाला की इंजिनाच्या आकाराप्रमाणे वेगळी परीक्षा नसते. काल स्प्लेंडर चालवणारा माणूस उद्या कायद्याने ६५० वर बसू शकतो. हे ज्याचं त्याने ठरवायचं.

दाभोळची जंगलजेटी, म्हणजे खाडी ओलांडून गाड्या नेणारी फेरीबोट, डोळ्यांसमोर आणा. बोट लागते, पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकते. धक्क्याला उतार, तो ओला, ओहोटी असेल तर खालचा भाग शेवाळलेला. आधी बोटीतल्या रिक्षा, टेम्पो उतरतात, मग तुमची पाळी. फळीवर पुढचं चाक चढताना खडखडाट होतो आणि नेमका तिथेच क्लच हळू सोडावा लागतो. आत गेल्यावर खलाशी हातानेच खुणावतो: अजून आत, अजून कडेला, तोंड इकडे करा. म्हणजे दुसऱ्या बाईकला जवळपास चिकटून, पाय टेकत टेकत, मागेपुढे करत गाडी वळवायची. १९१ किलोंची गाडी हे निमूटपणे करते. २४१ किलोंची गाडीही करते, पण मागचा माणूस आधी उतरलेला हवा, दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले हवेत आणि चालवणाऱ्याच्या मांड्यांत जोर हवा. होमस्टेच्या उतरत्या अंगणात, लॉजच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये थोड्याफार फरकाने हेच. गाडी कधीही उताराकडे तोंड करून लावू नका, हा नियम क्रूझरवाल्यांनी पहिल्या दिवसापासून पाळावा. या गाड्यांना रिव्हर्स गिअर नसतो.

आता कंबर. क्रूझरचं बसणं आरामाचं, असं सगळे सांगतात. गुळगुळीत रस्त्यावर ते खरंच आहे. पाय पुढे असले की गुडघे मोकळे राहतात, मनगटांवर भार येत नाही. पण फूटरेस्ट पुढे असल्यामुळे खड्डा समोर दिसला तरी पायांवर उभं राहून धक्का झेलता येत नाही. तो थेट माकडहाडात जातो. साध्या बाईकवर आपण नकळत बूड उचलतो. क्रूझरवर ते जमत नाही. ज्यांना मणक्याचं जुनं दुखणं आहे त्यांनी पाय फार पुढे असलेली गाडी घेऊ नये. मिटिऑरचे फूटरेस्ट थोडेच पुढे आहेत, ॲव्हेंजरचे त्याहून पुढे. फरक पाच मिनिटांच्या फेरीत कळत नाही, तिसऱ्या तासाला कळतो. म्हणून टेस्ट राईड लांब मागायची, त्याविषयी पुढे.

इंजिन, आणि ३५० ची रेघ

घाटात, डबलसीट, सामानासकट चढताना कामाला येतो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा चाक फिरवणारा जोर, आणि तो किती यापेक्षा कुठे मिळतो हे महत्त्वाचं. मिटिऑरचा टॉर्क २७ न्यूटन मीटर, तोही ४,००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला इतक्या फेऱ्यांवर. ॲव्हेंजर २२० चा १७.५५, आणि तो मिळायला इंजिन ७,००० पर्यंत न्यावं लागतं. ताकदीचे आकडे बघाल तर दोघी जवळजवळ सारख्या, १९-२० च्या घरात. रस्त्यावर मात्र एक गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुमान चढते आणि दुसरीला सारखा गिअर पाडावा लागतो. एकट्याने फिरणाऱ्याला ॲव्हेंजर पुरते. हलकी आहे, स्वस्त आहे, अकुर्डीच्या बजाजची असल्याने सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. डबलसीट घाट चढायचे असतील तर तिच्यावर अन्याय होतो.

सुपर मिटिऑर (६४८ सीसी, दोन सिलिंडर, ५२.३ न्यूटन मीटर) आणि एलिमिनेटर (४५१ सीसी, ४२.६) यांच्याकडे ताकद भरपूर. ट्रक ओलांडताना गिअर पाडायची गरज नाही, ९० च्या वेगातही इंजिन निवांत. हे सुख नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न किमतीचा आहे, आणि किंमत आता फक्त कंपनी ठरवत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर तो थेट ४० टक्के झाला. आधी उपकरासह ३१ होता. विम्यालाही हीच रेघ आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकरकमी घ्यावाच लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तो १५० ते ३५० सीसीच्या गाडीला ७,३६५ रुपये आणि त्यावरच्या गाडीला १५,११७ रुपये, वर कर वेगळा. रोड टॅक्स किमतीच्या टक्क्यांत असतो, म्हणून तोही आपोआप फुगतो. शोरूममध्ये विचारायचा आकडा एकच: ऑन-रोड किती. एक्स-शोरूमचा आकडा जाहिरातीसाठी असतो.

३४९ सीसीची मिटिऑर या रेघेच्या अलीकडे बसते, आणि महाराष्ट्रातल्या हलक्या फिरतीला ती बहुतेकांना पुरेशी आहे, या माझ्या मताला या करबदलाने आणखी जोरच आला.

खाली वाकून बघायच्या गोष्टी

जमिनीपासूनची उंची पाहा. मिटिऑर १७० मिलिमीटर, ॲव्हेंजर १६९, सुपर मिटिऑर १३५. गावाच्या वेशीवर ग्रामपंचायतीने की कोणी हौशी माणसाने घातलेला उभा गतिरोधक असतो ना, त्यावर डबलसीट सुपर मिटिऑर पोट घासू शकते. तिरकी घातली, हळू घातली तर निभावतं. रोजच्या वाटेवर असे चार असतील तर विचार करा.

मागचे शॉकॲब्सॉर्बर हा क्रूझरचा कच्चा दुवा. सीट खाली आणायची म्हणजे मागच्या चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते. मिटिऑरच्या मागच्या स्प्रिंगला सहा पायऱ्यांचं ॲडजस्टमेंट आहे. एकट्याने जाताना खालची पायरी, डबलसीट आणि सामान असताना वरची. फिरवायला पाना लागतो, दोन मिनिटांचं काम आहे, आणि तरीही वर्षानुवर्षं बहुतेकांची गाडी शोरूममधून आली त्याच पायरीवर असते. गाडी ताब्यात घेताना मेकॅनिककडून ते करून दाखवायला सांगा.

ब्रेकबाबत एकच विचारा: एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या? १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचा असला तरी तो एका चाकाचा असू शकतो. ॲव्हेंजरला मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस फक्त पुढे. मिटिऑर, सुपर मिटिऑर, एलिमिनेटर यांना दोन्हीकडे. पहिल्या पावसात, घाटउतारावर, रस्त्यावर माती वाहून आलेली असताना मागच्या चाकाचा एबीएस उपयोगी पडतो. यात पैसे वाचवू नका.

चाकं अलॉयची की स्पोकची? स्पोकची दिसायला देखणी, क्रूझरला शोभतात, पण बहुतेकांत ट्यूब असते. तळकोकणात संध्याकाळी सहानंतर ट्यूबचं पंक्चर म्हणजे चाक काढून देणारा माणूस शोधायचा. ट्यूबलेस टायरला खिळा काढून पट्टी घुसवली, हवा भरली की निघालात. फिरतीसाठी अलॉय घ्या. मिटिऑरच्या प्रकारांत अरोरा स्पोकची आहे, एवढं लक्षात ठेवा.

मागे बसणाऱ्या माणसाचं मत

टेस्ट राईडला बायको, नवरा, मित्र, जो कोणी मागे बसणार आहे त्याला घेऊन जा. क्रूझरची मागची सीट पुष्कळदा निमुळती आणि चालकाच्या सीटपेक्षा बरीच उंच असते. टेकायला काही नसेल तर मागचा माणूस घाटात सतत तुम्हाला धरून बसतो आणि दोघंही थकतात. बॅकरेस्ट ही चैन नाही. मिटिऑरच्या सुपरनोव्हा प्रकारात बॅकरेस्ट आणि पुढची काच दोन्ही कंपनीतून येतात. सुपर मिटिऑरच्या टूरर प्रकारातही. नंतर बाहेरून बसवण्यापेक्षा तोच प्रकार घेतलेला परवडतो. काच तर घ्याच. क्रूझरवर आपण ताठ बसतो, वारा सरळ छातीवर येतो, आणि तीन तासांनी मान दुखते ती त्या वाऱ्यामुळे.

बॉबर म्हणून विकली जाणारी गाडी, जावाची पेराक, जावा ४२ बॉबर किंवा रॉयल एन्फिल्डची गोअन क्लासिक, एका माणसासाठीच आखलेली असते. गोअन क्लासिकवर मागची सीट लावता येते, पण दोघांनी सामान घेऊन गोव्याला जायला त्या नावाची गाडी घेऊ नये.

सामानासाठी दोन्ही बाजूंना पिशव्या लागतात. आधी बघा, सायलेन्सरच्या बाजूची पिशवी सायलेन्सरला टेकते का. टेकत असेल तर पिशवी दूर धरणारा लोखंडी स्टे बसवल्याशिवाय पिशवी लावू नका. नायलॉन वितळायला एक घाटचढण पुरते. मागचा इंडिकेटर झाकला जातो का, तेही पाहा. जड वस्तू पिशवीत खाली, हलक्या वर. शेपटीवर उंच बोचकं बांधलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर गाडी रुंद जाते. पिशव्या बसवणारा साडी गार्ड काढून टाकूया म्हणेल. काढू देऊ नका: मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण मोटार वाहन नियमांत सक्तीचं आहे, आणि ओढणी, पदर, पावसाळी पोंचो हे सगळं त्याच चाकात जातं.

टाकी आणि मेकॅनिक

मिटिऑरची टाकी १५ लिटरची, सुपर मिटिऑरची १५.७, ॲव्हेंजर आणि एलिमिनेटरची १३. मिटिऑर हायवेला लिटरमागे तीसच्या पुढे जाते, म्हणजे पुणे-गुहागर जाऊन परतीचा निम्मा रस्ता एका टाकीत. इतक्या पल्ल्याची आपल्याकडे गरजही नाही, पंप सगळीकडे आहेत. मेकॅनिक मात्र सगळीकडे नाहीत. एलिमिनेटर ही चौघींतली माझ्या मते सगळ्यात गुणी गाडी आहे: मिटिऑरपेक्षा हलकी, ताकद दुपटीहून जास्त, वळणात चपळ. पण किंमत कितीतरी जास्त आणि कावासाकीची सर्व्हिस सेंटरं मोठ्या शहरांत. चिपळूणच्या पुढे क्लच केबल तुटली तर? तुमच्या कागदावरच्या प्रत्येक ठिकाणापासून जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते मॅपवर बघा. दहा मिनिटांचं काम आहे, ते केल्यावर पुष्कळांचा निर्णय बदलतो.

टेस्ट राईड कशी मागायची

शोरूमवाला चौकापर्यंत जाऊन या म्हणतो. तेवढ्याने काही कळत नाही. शनिवार-रविवार टाळा, आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा, परवाना आणि स्वतःचं हेल्मेट न्या आणि किमान पाऊण तास मागा. नाही म्हणाले तर दुसऱ्या डीलरकडे जा.

गाडी हातात आली की आधी सुरू करू नका. स्टँड काढा, उजवीकडे-डावीकडे थोडी झुकवा, कुठपर्यंत पेलते ते पाहा. उतरून हाताने पाच-सहा फूट मागे ढकला. मग बसून पायांनी ढकला. इथे दम लागला तर पुढचं काही बघण्याची गरज नाही.

मग चालवा, या क्रमाने. पहिल्या गिअरमध्ये क्लचवर, माणसाच्या चालीने, सरळ. दोन पदरी रस्त्यावर पाय न टेकता यू-टर्न. लांब व्हीलबेसची, म्हणजे दोन चाकांत जास्त अंतर असलेली गाडी इथे हट्ट करते, पूर्ण वळवल्यावर हँडलचं लांबचं टोक हातातून सुटतंय का पाहा. चढावर थांबून पुन्हा सुरुवात. मुद्दाम एक खराब रस्ता. ७० ते ८५ मध्ये दहा मिनिटं, आरशात मागची गाडी स्पष्ट दिसते की थरथरते हे बघत. आरसा थरथरत असेल तर तेच कंपन तुमच्या तळहातांतही जात असतं. शेवटी सिग्नलच्या गर्दीत पाच मिनिटं, इंजिनाची ऊब मांडीला किती लागते यासाठी. ६५० च्या गाडीला एप्रिलच्या पुण्यात हे करून पाहाच.

परत आल्यावर लगेच उतरू नका. सीटवर बसूनच फोनवर बोला, माहितीपत्रक वाचा. वीस मिनिटांत कंबरेची चुळबुळ सुरू झाली तर सीट तुमच्यासाठी नाही.

जुनी घेणार असाल तर

जुन्या बाजारात रॉयल एन्फिल्डच्या थंडरबर्ड पुष्कळ दिसतात. मिटिऑर आली २०२० मध्ये, तिने थंडरबर्डचीच जागा घेतली. थंडरबर्ड ३५० ला २० लिटरची टाकी होती, पण ८५ च्या पुढे थरथरायची. स्वस्त मिळाली तरी मी पहिल्या काही वर्षांतली मिटिऑर बघेन.

लेग गार्डच्या खालच्या कडा आणि फूटरेस्टची टोकं पाहा; नुसती टोकं घासलेली असली तर मालक वळणं घेणारा होता, एकाच बाजूचं सगळंच घासलेलं असलं तर गाडी आडवी झाली आहे. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलं. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यावर खट्‌ असं अडकलं तर बेअरिंग बदलावं लागेल. टायरवर चार आकडी तारीख असते: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का आणि चलानं थकलेली आहेत का, हे पैसे देण्याआधी बघा. आणि एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तिचे पाइप, रबरी भाग चालतात का, ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्या.

गाडी घरी आल्यावर

पहिल्याच शनिवारी गोव्याला निघू नका. साधारण ५०० किलोमीटरला पहिली सर्व्हिस असते, तिथे तेल बदलतं, सैल झालेले नटबोल्ट आवळले जातात. तोवर शहरात आणि आसपास चालवा, एकाच वेगात फार वेळ नेऊ नका. ब्रेक आणि क्लचची दांडी हाताच्या मापाने लावून घ्या, गिअरचा पेडल बुटाच्या उंचीप्रमाणे. सर्व्हिसनंतरची पहिली फेरी शंभर-सव्वाशे किलोमीटरची ठेवा, पुणेकरांनी पानशेत करावं, मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा आणि पुढे मुरूड. पूर्ण सामान बांधून आणि मागचा माणूस बसवून जा, आणि निघण्याआधी मागच्या टायरमध्ये डबलसीटची हवा भरा; आकडा मॅन्युअलमध्ये असतो. परत आल्यावर चेन तपासा. नवी चेन पहिल्या फेरीत ताणते आणि सामानासकट गेलात तर जास्तच.